एका खोलीला दोघी

हॉटेलात नोकरी केली म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कुणी मोठं माणूस उतरलं होतं का, आणि लोक खोल्यांत काय काय विसरून जातात. या अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा विसरलेल्या वस्तूंवरच लिहायचं मी ठरवलं होतं. कवळ्या, कुबड्या, नवरदेवाचा फेटा, आणि एकदा तर चक्क आजोबा. कुटुंब दोन गाड्यांतून निघालं आणि दोन्ही गाड्यांना वाटलं की आजोबा दुसऱ्या गाडीत आहेत. आजोबा खोलीत शांतपणे क्रिकेट बघत बसले होते. मंडळी घाबरीघुबरी होऊन परत आली तेव्हा म्हणाले, "एवढी ओव्हर होऊ द्या."

एवढं लिहून झालं होतं. मग आषाढात लातूरहून फोन आला की गंगामणी गेली. त्या कागदांना पुढे हात लावला नाही. आता लिहिते आहे ते दुसरंच आहे, आणि सावकाश लिहिते आहे. दिवसाला एखादा परिच्छेद होतो, कधी तोही होत नाही.

नांदेडला स्टेशनकडून गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंगची सुपरवायझर होते. मराठी घेऊन बी.ए. झाले होते. शाळेत नोकरी मिळेल या आशेवर काही वर्षं गेली आणि मिळाली ती ही. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन मी पुस्तक उघडायची, म्हणून बाकीच्यांची मी 'मॅडम' असले तरी गंगामणी मला शाळेतल्यासारखं 'बाई' म्हणायची. ती बिलोलीकडची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, पाहुण्यांशी हैदराबादी वळणाचं हिंदी. अंगानं बारीक, चालणं भरभर. नवरा लवकर गेला होता. दोन मुलं तिनं याच कामावर वाढवली.

हे काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून थोडं सांगते. तुम्ही हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकता तेव्हा तुमच्या आधी तिथे कुणी राहून गेलं आहे याची खूण राहता कामा नये. उशीवर केस नको, आरशावर बोट नको, मोरीत साबणाची चकती नको, हवेत कालच्या जेवणाचा वास नको. लोकांना वाटतं, यात सगळ्यात नकोसं काम संडासाचं. तसं नाही, त्याची सवय होते. सवय होत नाही ती गादीची. चादर ताणून चारही बाजूंनी गादीखाली खोचावी लागते, आणि हॉटेलच्या गाद्या घरच्यासारख्या नसतात. स्प्रिंगच्या, जाड, आणि पलंगाची उशाकडची बाजू भिंतीला टेकलेली. एकटीनं करायचं तर गुडघा पलंगाच्या कडेला रोवायचा, एका खांद्यानं गादी उचलून धरायची आणि दुसऱ्या हातानं चादर आत सारायची. मग उठून दुसऱ्या बाजूला जायचं. एका खोलीत ठीक. दिवसभर हेच करणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी आपल्या लेकराला उचलता येत नाही.

म्हणून आमच्याकडे जुनी रीत होती, एका खोलीला दोघी. गादी दोघींनी उचलायची, मग एकीनं न्हाणीघरात जायचं आणि दुसरीनं खोली पुसायची. ही रीत कुणी घालून दिली मला माहीत नाही. मी आले तेव्हा होतीच. जोड्या ठरलेल्या असत. दोघी बोलत बोलत काम करत. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाला कोणते डोहाळे लागले, सगळं खोल्याखोल्यांतून पुढे सरकत जायचं. मी जिन्यात उभी राहिले तरी कोणत्या मजल्यावर काम कुठवर आलंय ते मला आवाजावरून कळायचं.

मग विरेश आले. हॉटेलचे मालक उदगीरचे, मूळ कापडाचे व्यापारी, राहायला लातूरला. तिथेही त्यांचं एक हॉटेल होतं. कपाळाला विभूती, बोलणं थोडं. सगळे त्यांना अप्पा म्हणत. विरेश त्यांचे पुतणे, हैदराबादला हॉटेलचंच शिक्षण घेऊन आलेले. माणूस वाईट नव्हता. उत्साही होता. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं, "जोशी मॅडम, या दोघी दोघी काय फिरतात? शाळेची सहल आहे का? एक खोली, एक बाई. सगळीकडे असंच असतं."

मी गादीचं सांगितलं. ते म्हणाले, "हलक्या गाद्या मागवू." त्या कधी आल्या नाहीत. जोड्या मात्र दुसऱ्याच दिवशी फुटल्या.

मजले शांत झाले. बायका पाठीला पट्टे बांधून यायला लागल्या. गंगामणी कुरकुर करायची, पण तिचीही कुरकुर तेवढ्यावरच होती. हदगावची रुक्मीण त्या वेळी नवी होती, लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. एका खोलीतला पाहुणा बाहेर गेला होता; ती तिथलं न्हाणीघर धूत असताना तो परत आला. त्यानं खोलीचं दार आतून लावलं आणि तिला बाहेर बोलावलं. रुक्मिणीनं न्हाणीघराची कडी लावून घेतली आणि आतून बादली आपटायला सुरुवात केली. गंगामणी शेजारच्या खोलीत होती. तिनं दार बडवून बडवून उघडायला लावलं. मी पोहोचले तेव्हा रुक्मीण जिन्यात बसली होती, हातात ब्रश तसाच.

आम्ही तिघी विरेशांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, रुक्मिणीसाठी पाणी मागवलं. मग म्हणाले, "ते आपले नेहमीचे पाहुणे आहेत. बरं, काही झालं तर नाही ना?"

गंगामणी म्हणाली, "झाल्यावर सांगायला यायचं का साहेब?"

"तसं नाही म्हणत मी..."

"मग कसं म्हणून राहिले?"

आम्ही बाहेर आलो. गंगामणीनं तिथंच, व्हरांड्यात, मला सांगितलं, "बाई, आता जोडीबिगर कोणीच खोलीत जायचं न्हाई. आम्ही काम टाकून बसतो."

बायका मागच्या अंगणात, जिथं चादरी वाळायच्या तिथं जमल्या. मागण्या पुष्कळ निघाल्या. हातमोजे, बसायला एक खोली, सामान न्यायला लिफ्ट. गंगामणीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सगळंच खरं हाय. पण धा गोष्टी मागितल्या तर तो हातमोजे दिऊन बोळवण करील. एकच मागू. जोडी." मीही बसते म्हणाले, तर तिनं मला अडवलं. "तुम्ही आत राहा. आत काय चाललंय ते सांगायला आपलं कोणीतरी पाहिजे."

दिवस तिनं नेमका धरला होता. दसऱ्याच्या आसपास नांदेड यात्रेकरूंनी भरून जातं. पंजाबातून जथे येतात, रिक्षावाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आमचा दुसरा मजला एका जथ्यानं अख्खा घेतला होता. बहुतेक म्हातारी माणसं, खेड्यांतली. खोल्या तशाच पडल्या की अप्पा लातूरहून धावत येतील, असा गंगामणीचा हिशेब. पहिला दिवस तसाच गेला. विरेशांनी स्वयंपाकघरातली दोन माणसं वर पाठवली. ती एक पलंग कसाबसा करून उतरली आणि पुन्हा चढायला तयार होईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जथ्यातल्या एक आजी काउंटरवर आल्या. पांढरी ओढणी, हातात कडं. सगळे त्यांना बीजी म्हणत. "बेटा, सफाईवाली बीबियाँ नहीं आईं?"

विरेश म्हणाले, "बीमार हैं माताजी. सबकी सब."

"हाय रब्बा," आजी म्हणाल्या आणि वर गेल्या.

तासाभरानं मी दुसऱ्या मजल्यावर गेले आणि जागीच उभी राहिले. जथ्यातल्या सगळ्या बाया कामाला लागल्या होत्या. कुणी झाडत होती, कुणी फरशी पुसत होती, दोघी जिन्याचे कठडे ओल्या फडक्यानं घासत होत्या. तोंडानं नामस्मरण चाललेलं. मी "अहो, राहू द्या" म्हणाले, तर एकीनं माझ्या गालाला हात लावला. ही माणसं गुरुद्वाऱ्यात जोडे पुसतात, भांडी घासतात, तेही हौसेनं. आजारी बायकांचं काम त्यांनी उचललं त्यात त्यांना काहीच विशेष वाटत नव्हतं. इतक्या स्वच्छ आमच्या खोल्या मी क्वचित पाहिल्या असतील.

विरेश खुशीत होते. "बघा मॅडम. देवच धावला."

मी मागच्या अंगणात जाऊन सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटेना. मालकावर चिडता येतं, आयत्या वेळी आणलेल्या माणसांवर चिडता येतं. पण यात्रेला आलेल्या म्हाताऱ्या बायांवर कसं चिडायचं?

एक जण म्हणाली, "आता कामून बसायचं? खोल्या तर लखलख झाल्या."

दुसरी म्हणाली, "त्यांची कंबर मोडंल की उद्या. पाप आपल्या माथी."

रुक्मीण रडायला लागली. "माझ्यामुळं चाललंय हे सगळं. मी जाते गावाकडं, तुम्ही जा कामावर."

"गप ए," गंगामणी म्हणाली. "तू गेलीस तर दार लावणारा जाईल का? तो उद्या पुन्हा यील." मग माझ्याकडे वळली. "बाई, मी वर जाऊन येते."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर मागच्या जिन्यानं वर आली. काय बोलायचं ते तिलाही माहीत नव्हतं, असं मला वाटतं. व्हरांड्यात एक सरदारजी उभे होते. हे बीजींचे यजमान, जथ्यात दारजी म्हणून ओळखले जाणारे. हातात पगडीचं धुतलेलं, निळं, लांबच लांब कापड. पगडी बांधण्याआधी ते कापड ताणून घडी घालावी लागते. एक टोक त्यांनी धरलेलं, दुसरं धरायला ते कुणाची तरी वाट बघत होते. गंगामणी सरळ पुढे गेली आणि तिनं दुसरं टोक उचललं. हे तिच्या अंगवळणी पडलेलं. अशा किती पगड्या तिनं ताणल्या होत्या. दोघं समोरासमोर उभे राहून कापड ताणू लागले.

"दारजी," ती म्हणाली, "एक जने से होता क्या ये?"

दारजी हसले. "हो जाता है बेटी. दरवाज़े की कुंडी से बाँध लेते हैं."

मला वाटलं, संपलं. गंगामणीनं कापड हलू दिलं नाही. म्हणाली, "गद्दा कायसे बाँधू मैं?"

"कौन सा गद्दा?"

"पलंग का. मैं सफाईवाली है."

दारजींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तो बीमार थी."

"बीमार कोई नहीं दारजी. हम नीचे बैठे है." आणि कापडाची घडी होत होती तोवर तिनं सगळं सांगितलं. गादीचं कमी, दाराचं जास्त. घडी झाल्यावर त्यांनी ती खांद्यावर टाकली, डोक्याला पगडी नसतानाच खोलीच्या दाराशी गेले आणि हाक मारली, "सुणदी हैं? बाहर आ."

बीजी आल्या. गंगामणीनं त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वो लड़की कहाँ है?"

थोड्या वेळानं मागच्या अंगणात जे झालं ते मी गॅलरीतून पाहिलं. जथ्यातल्या बाया एकामागून एक खाली उतरल्या. बीजींनी रुक्मिणीला जवळ ओढून घेतलं आणि तिच्या शेजारी फरशीवर बसकण मारली. बाकीच्याही जागा करून बसल्या. कुणी कुणाची भाषा नीट बोलत नव्हतं, तरी थोड्या वेळात गुडघ्यांवर कोणतं तेल चांगलं इथवर गाडी आली. आत येऊन पाहते तर आमचे सगळे झाडू आणि फडकी विरेशांच्या केबिनबाहेर भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावर एकही पलंग आवरला गेला नाही.

विरेशांनी लातूरला फोन लावला. अप्पा दुपारी आले. ते आधी मागे गेले नाहीत, विरेशांच्या केबिनमध्येही गेले नाहीत. रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना हात जोडायला गेले, आणि पाहुणे अंगणात बसलेले. म्हणून तेही तिथेच आले.

"आप लोगों को तकलीफ़ हुई," अप्पा म्हणाले.

बीजी म्हणाल्या, "तकलीफ़ काहे की. सेवा थी. पर लाला, एक बात बता. मैंने खेत में काम किया है, भैंसें पाली हैं. तेरा एक गद्दा मुझसे अकेली से नहीं उठा. हम दो लगीं, तब जाके चादर बैठी. ये लड़कियाँ अकेली कैसे उठाती हैं?"

अप्पा विरेशांकडे बघायला लागले. विरेश जमिनीकडे.

"और ये बच्ची," बीजींनी रुक्मिणीच्या डोक्यावर हात ठेवला, "ये अपनी होती तो तू इसे अकेली भेजता?"

अप्पांना मी इतकी वर्षं ओळखत होते. आम्ही हेच सांगितलं असतं तर 'बघू' म्हणाले असते, आणि ते बघणं कधी झालं नसतं. पण यात्रेला आलेली, स्वतःच्या हातांनी गादी उचलून बसलेली म्हातारी खोटं बोलते आहे असं म्हणायची त्यांची छाती नव्हती. मग मराठीत, आमच्याकडे बघून म्हणाले, "उद्यापासून जोडी. काम चालू असताना दार सताड उघडं. आणि तो पाहुणा माझ्या हॉटेलात पुन्हा दिसायचा नाही." बायकांना क्षणभर कळलंच नाही. मग रुक्मीणच आधी उठली आणि पदर खोचून म्हणाली, "उद्या कशाला? आजींच्या खोल्या आजच करतो की."

संध्याकाळी अप्पांनी गंगामणीला आणि मला बोलावून घेतलं. ते रागावलेले नव्हते, दमलेले दिसत होते. "गंगामणी, मी शब्द दिला तो पाळीन. पण तू नांदेडात नको. विरेशला काम करू दे. लातूरला ये, तिथल्या हॉटेलात."

ही शिक्षा होती हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मी काही बोलणार तेवढ्यात गंगामणीनं विचारलं, "लातूरला जोडी हाय का अप्पा?"

"नाही."

गंगामणी म्हणाली, "मग येते मी."

अप्पांना हसू आलं. मी त्यांना हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे.

लातूरला तिला सोपं गेलं नाही. तिथं ना जथा ना बीजी. तिथल्या बायका तिला 'नांदेडची पुढारीण' म्हणून टोमणे मारायच्या. फोनवर सांगायची, "बाई, हितल्या बायका लई भ्यायलेल्या. म्हणतात, तू तर शिक्षेवर आलीस, आम्हाला कामून सोबत नेतीस?" तिनं भांडण काढलं नाही. आपली खोली संपवायची आणि न सांगता शेजारच्या खोलीत जाऊन दुसरीची गादी धरायची. मॅनेजर ओरडला की "माझी खोली झाली की साहेब" म्हणायची. हळूहळू दुसऱ्याही तसंच करायला लागल्या. आधी एक मजला, मग दुसरा. कुणी परवानगी दिली नाही आणि कुणी काढूनही घेतली नाही. मला तिचं नांदेडपेक्षा हे लातूरचं काम मोठं वाटतं, आणि ते बघायला मी तिथं नव्हते. जाईन जाईन म्हणत राहिले. बसायची खोली मात्र दोन्हीकडे मिळाली नाही ती नाहीच. अजूनही त्या बायका जिन्यात बसून जेवतात.

शेवटची दोन वर्षं तिची पाठ गेली होती. तरी कामावर जायची. ताप अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला.

तेराव्याला मी लातूरला गेले. तिच्या मुलानं विचारलं, आईची चप्पल आणि डबा हॉटेलातच राहिलाय, येताना आणाल का? मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मॅनेजर नवा होता, मला ओळखत नव्हता, वर जा म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर एका बंद खोलीसमोर एक बाई उपड्या बादलीवर बसली होती. शेजारी चादरींची गाडी. ती शकुंतला, गंगामणीची जोडीदारीण. मी ओळख सांगितली तेव्हा तिनं माझा हात धरला आणि थोडं रडली. मग डोळे पुसले, पण बादलीवरून उठली नाही.

"खोली नाही करायची?" मी विचारलं.

"करायची की. पण जोडी कुठं हाय? ती गेल्यापासून रोज हेच. साहेब म्हणतात, एकटीनं कर, आता माणूस न्हाई. मी म्हणते, मग बसते."

"मग?"

"मग काय. बसून राहते. पाहुणा खाली वाट बघून राहतो, साहेबाला घाम फुटतो, मग कोणाला तरी धाडतात."

मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. खाली मॅनेजरचा आवाज ऐकू आला, मग जिन्यावर पावलं वाजली. एक अनोळखी पोरगी धापा टाकत वर आली, नवीकोरी साडी, पिन नीट लावलेली. शकुंतलेनं तिला नाव विचारलं, गाव विचारलं, मूलबाळ विचारलं. मग उठली, खोली उघडली, दार सताड उघडं राहावं म्हणून त्याला विटकर लावली आणि म्हणाली, "ये. तू खिडकीकडून धर."